पाकोळीचा चौथा प्लग

मित्रांनो, त्या जाळ्याच्या खालच्या कडेला, दगडांच्या रांगेत, एक गंजका लोखंडी तुकडा बांधलेला दिसतो ना? डोकं फुटलेला, पायाशी आटे असलेला? तो मी. मी स्पार्क प्लग आहे. खरं तर 'होतो' म्हणायला हवं, पण तो शब्द अजून जिभेवर बसत नाही. आता मी रोज पहाटे तितिकाका तळ्याच्या थंडगार पाण्यात बुडतो आणि मासे धरायचं जाळं खाली ओढतो. जन्म ठिणगीसाठी झाला आणि नोकरी मिळाली पाण्यात. हसू आलं तर हसा. मलाही कधीकधी येतं.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. भट्टीची धग आठवते, आणि आपली पांढरीशुभ्र चिनीमातीची मान बघून वाटलेला गर्व आठवतो. मानेखाली लोखंडी कंबरपट्टा, त्याखाली आटे, आणि सगळ्यांत खाली वाकवलेली एक करंगळी. ती करंगळी आणि मधली दांडी यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट. माझं सगळं आयुष्य त्या फटीत होतं. तिथे वीज उडी मारते, ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं आणि गाडी पुढे जाते. फट बुजली की ठिणगी नाही. फट वाढली की वीज काठावरच घुटमळते. एवढ्याशा जागेवर माणसांचं किती काय अवलंबून असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नसावं.

एल आल्तो शहराच्या बाजारात दोन्या बासिलिया नावाच्या बाईंच्या टपरीवर आम्ही चार भाऊ एका खोक्यात बसलो होतो. सेवेरो लारुता आणि त्याची बायको फोर्तुनाता तिथे आले. सेवेरोला एकच प्लग हवा होता.

"कासेरो, चारही न्या," बाई म्हणाल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तिथे लाडाने असंच म्हणतात. "एक नवा आणि तीन म्हातारे म्हणजे बँडमध्ये एक जण शुद्धीत आणि तिघे प्यायलेले."

"तुम्हाला चार खपवायचेत, म्हणून सांगताय."

"खपवायचेत म्हणूनही सांगते आणि खरं आहे म्हणूनही सांगते."

फोर्तुनाता हसली आणि तिने खोकं उचलून आपल्या शालीत टाकलं. "चारही घे रे. भावंडांची ताटातूट कशाला?" त्या एका वाक्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी झालो.

त्यांची गाडी म्हणजे एक निळी पिकअप. तिच्या कपाळावर त्यांच्या भाषेत पाकोळीचं नाव रंगवलेलं होतं, म्हणून मीही तिला पाकोळीच म्हणतो. पाकोळी बटाटे वाहायची, मेंढ्या वाहायची, तळ्यातले मासे वाहायची, आणि जत्रेच्या दिवसांत ढोल-तुताऱ्यांसकट अख्खा बँड वाहायची. माझी जागा चौथी, सगळ्यांत मागची. इंजिन जरासं मागे कललेलं होतं. वर काही सांडलं की ओघळ थेट माझ्याच खळग्यात यायचा. हे लक्षात ठेवा.

इंजिनात राहणाऱ्याला दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं. त्यामुळे त्या दोघांचा संसार मी ऐकतच जगलो.

सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. आमच्याकडे उंचीमुळे हवा विरळ आहे. विरळ हवेत पेट्रोल नीट जळत नाही आणि प्लगवर काजळी धरते. म्हणून सेवेरो वर्षातून दोनदा आम्हाला बाहेर काढायचा, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. आधी रबरी नळीने फुंकर घालून तो खळग्यातली धूळ उडवायचा, नाहीतर प्लग काढताना ती थेट आत पडते. एका वेळी एकाच प्लगची टोपी काढायची, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाही. मग तो आमचा रंग बघायचा. फिकट तपकिरी दिसलो तर म्हणायचा, "तब्येत बरी आहे." काळेकुट्ट दिसलो तर आम्ही फोर्तुनाताच्या हाती जायचो. ती तारेच्या ब्रशने घासायची, पेट्रोलने धुवायची, शालीच्या टोकाने पुसून उन्हात ठेवायची. सेवेरो करवतीच्या पात्याचा एक तुकडा फटीत सरकवून अंतर बघायचा. एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून.

"माझ्या तोंडाकडे इतकं निरखून कधी बघितलं नाहीस," फोर्तुनाता म्हणायची.

"तुझ्या तोंडातून ठिणग्या आपोआप उडतात, फोर्तू. तिथे कसलं अंतर मोजायचं?"

मग तारेचा ब्रश त्याच्या पाठीवर बसायचा. आम्ही चौघे उन्हात पडून हे ऐकायचो.

परत बसवताना तो लगेच पान्याला हात लावायचा नाही. सुईत दोरा ओवावा तसं आधी बोटांनी फिरवायचं, बोटांनी फिरेनासं झालं की मगच पान्याने थोडं आवळायचं. आटे एकदा वाकडे गेले की कायमचे वाकडे. हे तो स्वतःशीच पुटपुटायचा, जप केल्यासारखा. एकदा आम्ही गारांच्या पावसात खच्चून भरलेली पाकोळी चढावर नेली. दोन मोठे ट्रक मागे राहिले. सेवेरोने देवीचे आभार मानले, टायरांचं कौतुक केलं. फोर्तुनाता उतरली, बॉनेटवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाली, "शाब्बास रे पोरांनो." आम्हाला आयुष्यात मिळालेली शाबासकी एवढीच. ती मला अजून पुरते.

आता मी तुम्हाला गुमेर्सिंदो काय्यीसाया यांच्याविषयी सांगतो. वाईट माणूस शोधत असाल तर आधीच सांगतो, ते वाईट नव्हते. भला, दणदणीत आवाजाचा, सढळ हाताचा माणूस. गावात त्यांची दोन दुकानं होती. पाकोळीला पहिल्यांदा देवळापुढे उभी केली तेव्हा ते तिचे धर्मपिता झाले. बाळाला असतो तसा गाडीलाही आमच्याकडे धर्मपिता असतो. तेव्हापासून ते आणि सेवेरो एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणू लागले, आणि फोर्तुनाताला ते 'कोमाद्रे' म्हणायचे. दर कार्निव्हलला ते बिअरची पेटी घेऊन यायचे आणि पाकोळीची चाल्या करायचे. चाल्या म्हणजे धरतीमातेला आधी पाजायचं आणि तिच्या नावाने गाडीलाही पाजायचं. चाकांवर बिअर, बंपरवर बिअर, आरशाला फुलांच्या माळा, टपावर रंगीत कागदांचा चुरा. आणि एक नियम: चाल्या पुसायची नसते. जे ओतलं ते आपोआप वाळू द्यायचं, जे उधळलं ते आपोआप गळू द्यायचं. धरतीच्या तोंडचा घास कोण पुसेल?

एका वर्षी सेवेरो घाट चढून तसाच आला होता. इंजिन तापलेलं होतं. कोंपाद्रेंनी चाकांना पाजलं, कपाळाला पाजलं, मग थबकले.

"पाय प्याले, कपाळ प्यालं," ते म्हणाले, "आणि काळीज कोरडंच? कोंपाद्रे, बॉनेट उघडा!"

सेवेरोचा हात खटक्यापाशी गेला आणि तिथेच थांबला.

"आता तापलेली आहे, कोंपाद्रे," फोर्तुनाता हसत म्हणाली. "तिला सोसायचं नाही हो. पोटात कळ येईल."

"कोमाद्रे, ही काय नवी नवरी आहे लाजायला? माझी धर्मलेक आहे ती! बापाच्या हातचं पिईल."

सगळे हसले. सेवेरोही हसला. मी त्याचं हसू ओळखत होतो. फटीत पातं अडकल्यासारखं हसू होतं ते. धर्मपित्याचा हात धरायचा नसतो. त्याने बॉनेट उघडलं.

गार बिअर माझ्या तापलेल्या मानेवर पडली. फार बारीक आवाज झाला, नख मोडल्यासारखा. ढोलांच्या गजरात तो कुणाला ऐकू आला नाही. माझ्या चिनीमातीला केसासारखी चीर गेली. उरलेली बिअर माझ्या खळग्यात साचली आणि तिथेच राहिली.

मित्रांनो, अजून काही बिघडलेलं नव्हतं, हे मला तुम्हाला सांगायचंच आहे. दुसऱ्या दिवशी फुंकर घालून, कोरड्या फडक्याने पुसून मला काढलं असतं, नवा प्लग घातला असता, तर ही गोष्ट इथे संपली असती आणि मी समाधानाने भंगारात गेलो असतो. पण चाल्या पुसायची नसते.

पाकोळी खोकू लागली. उभी असताना थरथरायची, चढावर झटके द्यायची, मागून काळा धूर सोडायची. वीज माझ्या फटीत उडी मारायच्या ऐवजी चिरेतून बाहेर पळायची. माझ्या वाट्याचं न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर जायचं. तिघे भाऊ माझं ओझं ओढून ओढून काळे पडले.

"सेवेरो, ती खोकतेय," फोर्तुनाता म्हणाली.

"पेट्रोल खराब आहे."

"पेट्रोल नाही. आत पाणी आहे. उघडून बघ."

"अगं, माळा अजून गळल्या नाहीत. आत्ता कसं उघडू?"

माळा गळल्या. मग तो म्हणायचा, बटाटे काढून होऊ दे. बटाटे निघाले. मग खरं कारण एकदा जेवताना बाहेर आलं. खिडकीबाहेरच पाकोळी उभी होती, म्हणून मीही ऐकलं.

"गावात चार लोकांसमोर प्लग काढून बसू? उद्या कोंपाद्रेंच्या कानावर जाईल की त्यांच्या बिअरने गाडी बिघडली. कुठल्या तोंडाने समोर उभा राहू?"

"त्यांच्या तोंडाची काळजी आहे, गाडीची नाही."

"तू नाही समजणार, फोर्तू."

"मला सगळं समजतं. म्हणून तर बोलत नाही."

त्यानंतर ती खरंच बोलली नाही. बाजारात गेली, दोन्या बासिलियाच्या टपरीवरून चार नवे प्लग आणले, शालीच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळले आणि पाकोळीच्या सीटखाली सरकवून दिले. "तुझी लाज वाळली की घाल," एवढंच म्हणाली.

ते चौघे सीटखाली पडून राहिले आणि मी बिअरच्या चिकट गाळात गंजत राहिलो. माझे आटे इंजिनाच्या धातूला धरून बसले. मला कुणी काढायला हवं होतं. मला स्वतःला हलता येत नाही, मित्रांनो. वस्तूचं दुःख एवढंच असतं.

ऑगस्ट आला. ऑगस्टात धरती तोंड उघडून बसते असं आमच्याकडे मानतात, आणि तळ्यावर वारा सुटतो. फोर्तुनाताच्या पोटात दुखू लागलं. तिने पाला उकळून प्यायला. एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उभी राहू शकेना. गावातल्या नर्सबाईंनी पोटाला हात लावला मात्र, त्यांचा चेहरा उतरला. "शस्त्रक्रिया लागेल. ती तळ्यापलीकडेच होते. आत्ता निघा. तिकिनाचा तराफा चुकवू नका."

तिकिनाला तळं अरुंद होतं आणि रस्ता संपतो. गाड्या लाकडी तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. वारा वाढला की तराफे बंद.

सेवेरोने पाकोळी पळवली. मी जीव तोडून ठिणगी टाकायचा प्रयत्न करत होतो आणि ती चिरेतून पळून जात होती. शेवटच्या चढाच्या अर्ध्यावर पाकोळीने एक आचका दिला आणि ती थांबली.

मागून एक प्रवासी गाडी आली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काय झालं, ताता? बाईंना आमच्यात घ्यायचं का? जरा सरकून बसतील सगळे."

सेवेरोने सीटखाली हात घातला. शालीचं गाठोडं त्याच्या हाताला लागलं. फोर्तुनाता कण्हत होती, कूस बदलली तरी तिला कापल्यासारखं होत होतं.

"तिला हलवायला नको," तो म्हणाला. "नवे प्लग आहेत माझ्याकडे. थोडक्याचं काम आहे. तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच."

"बघा हं. वारा चढतोय."

"आलोच."

गाडी गेली.

त्याने बॉनेट उघडलं. कार्निव्हलनंतर पहिल्यांदा. इंजिन थंड होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. फुंकर घालायला वेळ नव्हता. पहिला भाऊ निघाला. दुसरा निघाला. तिसरा कुरकुरला, पण निघाला. त्यांच्या जागी पांढऱ्या मानेचे तीन नवे बसले. मग पाना माझ्यावर आला.

मी निघालो नाही.

त्याने जोर लावला. पान्याला दगड ठोकला. त्याच्या बोटांचं रक्त माझ्यावर सांडलं. "नीघ रे," तो म्हणाला. "नीघ. तुझ्या पाया पडतो." मित्रांनो, मला निघायचं होतं. इतकं मला आयुष्यात काही करायचं नव्हतं. पण सहा महिन्यांचा गंज मला आतून धरून बसला होता. मग पाना घसरला आणि माझी मान तुटली. त्याने मला अर्धामुर्धा तसाच ठेवला आणि गाडी चालू केली.

पाकोळी तीन पायांवर चढ चढली. आतून फोर्तुनाताचा आवाज आला, अगदी बारीक. "चारही बदललेस ना?"

सेवेरोने गिअर बदलला. "हो," म्हणाला. "चारही."

"तरीच बरी चालतेय," ती म्हणाली. ती चेष्टा करत होती की तिला खरंच तसं वाटलं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा लाटा धक्क्यावरून उडत होत्या आणि शिपाई साखळी लावत होता. सेवेरो त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. शिपायाचेही डोळे भरून आले. "ताता, मी सोडलं तरी नावाडी नेणार नाहीत. बघा ना पाणी." शेवटचा तराफा पलीकडच्या काठाला लागत होता. त्यावर ती प्रवासी गाडी होती.

पहाटे वारा पडला. तराफा सुटला. तेव्हा कसलीच घाई उरली नव्हती.

पाकोळी पुन्हा चालू झाली नाही, तिला दोरीने ओढत घरी आणलं. अंत्यविधीला कोंपाद्रे सगळ्यांत मोठं फुलांचं चक्र घेऊन आले आणि लहान पोरासारखे रडले. सगळं आटपल्यावर एका सकाळी सेवेरो माझ्यापाशी आला. त्याने माझ्या खळग्यात तेल सोडलं आणि मला भिजू दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल. मग पाना लावून जरासं उलटं, जरासं सुलटं, पुन्हा जरासं उलटं, झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालचा हात काढून घ्यावा तसं. मी निघालो. इतक्या सहज निघालो की तो तिथेच मडगार्डला टेकून खाली बसला. त्याच्या तोंडून जो आवाज आला, तसा आवाज मी कुठल्याही इंजिनातून ऐकला नाही.

पुढच्या कार्निव्हलला कोंपाद्रे पेटी घेऊन आले. माझी जागा रिकामीच होती, म्हणून पाकोळी चालत नव्हती, तरीही ते आले. "चालत नसली म्हणून काय झालं? तहान तर लागतेच." बॉनेट उघडंच होतं. सेवेरो रोज सकाळी ते उघडतो, फोर्तुनाताच्या शालीच्या फडक्याने चौथा खळगा कोरडा करतो आणि पुन्हा झाकतो. कोंपाद्रेंनी बाटली उचलली. सेवेरोने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"आत नको, कोंपाद्रे."

मी खिडकीच्या कट्ट्यावर पडलो होतो. माझा श्वास अडकला, म्हणजे मला श्वास असता तर. आता आभाळ कोसळणार असं वाटलं.

"नको?" कोंपाद्रे म्हणाले. "बरं. मग चाकावर ओततो." आणि त्यांनी चाकावर ओतली. फेस मातीत जिरला. "आधी सांगायचं की हो, कोंपाद्रे. मला मेल्याला गाडीतलं काय कळतंय?"

एवढंच झालं. सेवेरोने बॉनेट झाकलं. मग घरात गेला आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आला नाही.

त्यानंतर त्याने मला जाळ्याला बांधलं. पहाटे तो होडीतून जातो, जाळं सोडतो आणि मी खाली जातो. तिथे अंधार असतो आणि इतका गारठा की ठिणगी हा शब्दसुद्धा आठवत नाही. मासे माझ्या तुटक्या मानेपाशी येऊन बघतात आणि निघून जातात.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं काही खोकत असेल, गाडी असो, पंप असो, माणूस असो, तर उघडून बघा. त्याच दिवशी बघा. ओलं असेल ते पुसा, कुणीही ओतलेलं असलं तरी पुसा. आणि मोठ्या माणसाचा हात धरायची वेळ आली तर धरा. बहुतेक वेळा ते 'बरं' म्हणतात.

फोर्तुनाताने आणलेल्या चार प्लगांतला चौथा अजून सेवेरोच्या खिशात आहे. जाळं सोडताना तो कधीकधी बाहेर काढतो, करवतीचं पातं त्याच्या फटीत सरकवतो, एक डोळा मिटून बघतो आणि परत ठेवतो. अंतर अगदी बरोबर आहे. तो पांढराशुभ्र आहे, कोरडा आहे, आणि त्याच्यात अजून एकदाही ठिणगी पडलेली नाही.